एका घराच्या तीन तालमी

समुपदेशक बाईंची खोली चष्म्याच्या दुकानाच्या वर होती, आणि ते त्यांच्या चांगलंच पथ्यावर पडलं होतं. मन मोकळं करायला चाललोय असं सांगायची ज्यांना चोरी वाटायची, ते बिनदिक्कत "चष्म्याचा नंबर तपासून येतो" म्हणत घरातून निघायचे आणि दुकानाशेजारच्या जिन्यानं गुपचूप वर यायचे. तासाभरानं डोळे लाल करून कुणी खाली उतरलं तरी दुकानात कुणी मान वर करत नसे. डोळ्यांत औषध घातलं की डोळे लाल व्हायचेच.

बाईंकडे येणारी माणसं बहुतेक दोन वयांची असत. एक तर चौदा ते एकोणीसची, नाहीतर पंचेचाळिशी उलटलेली. मधल्या वयाच्या माणसांना बहुधा थांबून घाबरायलाही सवड नसावी. कुणाची शाळा बदललेली, कुणाचे आईवडील वेगळे झालेले, कुणाची नोकरी गेलेली, कुणाच्या हातात निवृत्तीचं पत्र पडलेलं. कारणं शंभर, पण खुर्चीत टेकल्यावर सोळा वर्षांचा मुलगा आणि साठीचे गृहस्थ अगदी एकच वाक्य बोलत, "मला काही सुचतच नाहीये."

सल्ला द्यायचा नाही, हे बाईंनी पहिल्यापासून ठरवून टाकलं होतं. त्यांचा अनुभव असा, की येणारं आयुष्य माणूस डोक्यात तुकड्यातुकड्यानं आणत नाही. पुढची दहा वर्षं एकदम ओढून आणतो आणि त्या ढिगाखाली बसून राहतो. म्हणून बाई त्या ढिगातला एखादाच दिवस काढून त्याच्या हातात ठेवत. एक दिवस तसं जगून बघा, मग येऊन मला सांगा. याला त्या तालीम म्हणत. मुलाकडे कायमचं राहायला निघालेल्या एका आजोबांना त्यांनी आधी चार दिवस राहून यायला सांगितलं होतं. आजोबा पाचव्या दिवशी परत आले आणि त्यांनी मुलाच्या समोरच्या इमारतीत खोली घेऊन टाकली. आता दोघंही खूश होते.

अशा या बाईंकडे एका मंगळवारी बुटकी आली.

नाव बुटकी, पण दारातून आत येताना तिनं मान खाली घातली ती लाजेनं नव्हे, चौकटीला डोकं लागू नये म्हणून. लहानपणी वर्गात सगळ्यांत ठेंगणी होती, तेव्हा घरात पडलेलं नाव उंची वाढल्यावरही कुणी परत घेतलं नव्हतं. वय सतरा. शाळेच्या बाईंनी तिला पाठवलं होतं, कारण पुढच्या शिक्षणाचा अर्ज तिनं तीनदा नेला आणि तिन्ही वेळा 'हरवला'.

दोनच दिवसांनी, गुरुवारी, तिचे वडील आले. छापखान्यात सव्वीस वर्षं मशीन चालवणारा माणूस. हाताशी सतत काहीतरी हवं म्हणून बाईंच्या टेबलावरची टाचणी उचलून ते बोटांत फिरवत बसले. त्यांना मॅनेजरनं पाठवलं होतं. छापखाना तीन महिन्यांनी बंद व्हायचा होता, आणि ही बातमी कळल्यापासून ज्यांच्या हातून कधी कागद वाकडा गेला नव्हता, त्यांनी औषधाच्या माहितीपत्रकाच्या चार हजार प्रतींची मागची बाजू उलटी छापली होती.

दोघांच्याही वेळा ठरवणारा फोन एकाच व्यक्तीचा होता. ती म्हणजे आत्या. वडिलांची थोरली बहीण. बुटकी चार वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हा आत्यांनी समोरच्या दाराचं घर भाड्यानं घेतलं आणि तेव्हापासून त्या तिथं फक्त झोपायला जात. एरवी सगळा मुक्काम भावाकडे. टेलिफोन ऑफिसात एकतीस वर्षं काढलेली, त्यामुळे फोनवर बोलताना एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"माझ्या भाचीला मंगळवारी चारची वेळ द्या आणि भावाला गुरुवारी सहाची. दोघांना एका दिवशी देऊ नका. एकमेकांकडे बघत बसतील आणि काही बोलणार नाहीत."

बाईंनी दोघांनाही पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं, "मंगळवारचं बोलणं गुरुवारला कळणार नाही आणि गुरुवारचं मंगळवारला. कबूल असेल तर पुढं जाऊ." दोघंही कबूल झाले.

पहिले तीन आठवडे इकडच्या तिकडच्या गप्पांत गेले. चौथ्या मंगळवारी बुटकीनं दप्तराचा पट्टा गुंडाळत गुंडाळत एकदम सांगून टाकलं.

"मला कृत्रिम हातपाय बनवायला शिकायचंय. शाळेनं एकदा हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये नेलं होतं. तिथं एका काकांना नवा पाय बसवला. ते दारापर्यंत चालत गेले, दार स्वतः लावलं आणि परत आले. मग पुन्हा गेले, उघडलं, पुन्हा लावलं. पाच वेळा. मला तेव्हाच कळलं की मला हेच करायचंय."

"मग अडलंय कुठं?"

"संस्था दुसऱ्या गावात आहे. दोन वर्षं हॉस्टेल. मी शाळेत न सांगता परस्पर अर्ज केला होता. जागा मिळाली. पत्र आलंय." ती थोडी थांबली. "कपाटात माझा जुना कोट आहे, त्याच्या खिशात आहे."

"बाबांना माहीत नाही?"

"त्याला कसं सांगू? तो कामावरून आला की आधी मला हाक मारतो, मग बूट काढतो. मी गेले तर तो बूट घालूनच बसेल."

बाईंना हसू आलं. त्यांनी ते आवरलं.

गुरुवारी वडील आले. टाचणी उचलली. आणि म्हणाले, "एका खोक्यांच्या कारखान्यानं मला बोलावलंय. मशीन नवीन आहे, शिकवणारेत, राहायला क्वार्टर आहे. महिनाअखेर कळवायचंय. मी नाही म्हणणार आहे."

"का?"

"गाव लांब आहे. पोरगी एक रात्र माझ्याशिवाय राहिलेली नाही. आता कुठं शाळा संपतेय, इथल्याच कॉलेजात जायचं ठरलंय तिचं."

"तिनं सांगितलं तसं?"

"सांगायला कशाला हवं? बाप आहे मी." त्यांनी टाचणी खाली ठेवली. "कारखान्याचं पत्र हत्यारांच्या पेटीत ठेवलंय. पान्यांच्या खाली. तिथं कुणी हात घालत नाही."

ते गेल्यावर बाई बराच वेळ खुर्चीतून उठल्या नाहीत. एकाच घरात, एका भिंतीच्या अंतरावर, दोन पत्रं लपून बसली होती. प्रत्येकाला वाटत होतं, मी गेलो तर दुसऱ्याचं कसं होईल. बाईंच्या समजुतीप्रमाणे जगात हे ठाऊक असलेलं माणूस एकच, आणि त्याच्या तोंडाला कुलूप.

त्यांनी आपल्या जुन्या सरांना फोन लावला. सर आता काम करत नसत, पण अडलं की बाई त्यांनाच विचारत. नावगाव न सांगता त्यांनी पेच सांगितला.

"मग तू काय करणार?" सरांनी विचारलं.

"काही नाही. काही करताच येत नाही."

"बरोबर आहे."

"सर, पण गुदमरायला होतं हो."

"तेही बरोबर आहे," सर म्हणाले आणि खुशाल हसले. "दोघांना आपापल्या पायांनी चालू दे. तू फक्त वाटेत उभी राहू नकोस."

पुढच्या मंगळवारी बाईंनी बुटकीला विचारलं, "सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते?" ती म्हणाली, पहिल्या रात्रीची. तेव्हा ठरलं, की तिनं एक शनिवार-रविवार जाऊन यायचं. संस्था बघायची, हॉस्टेलच्या पाहुण्यांच्या खोलीत राहायचं.

"पण घरातल्या एका मोठ्या माणसाला माहीत असल्याशिवाय नाही," बाई म्हणाल्या. "आणि खरं तर बाबांनाच सांगून जावंस असं मला वाटतं."

"येऊन सांगते. जायच्या आधी सांगितलं तर तो पिशवी भरायला लागेल आणि रडेल. आत्याला सांगितलंय."

बाईंनी तिच्यासमोरच आत्यांना फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "माझी परवानगी आहे. हॉस्टेलच्या बाईंशी मी स्वतः बोलले आहे. शनिवारी सकाळी सातची बस, रविवारी संध्याकाळी परत. लिहून घ्या." बाईंनी मुकाट्यानं लिहून घेतलं.

गुरुवारी वडिलांना त्यांनी तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, भीती वगैरे काही नाही, फक्त नवीन मशीनसमोर उभं राहिल्यावर आपण म्हातारे दिसू. आणि संध्याकाळी खोलीवर परत आल्यावर कुणाला हाक मारायची, तेही कळणार नाही. दोन दिवस जाऊन कारखाना बघून यायला काय हरकत आहे, असं बोलणं निघालं. ते तयार झाले, जरा जास्तच पटकन.

"याच शनिवारी जातो. पोरगी पहिल्यांदाच मैत्रिणीकडे अभ्यासाला राहायला चाललीय, तिला एकटं वाटायचा प्रश्न नाही. मी सांगितलंय छापखान्यात जादा काम आहे म्हणून. ताईला तेवढं खरं सांगितलं. ती म्हणाली, सातचीच बस धर, नंतरच्यांना फार गर्दी असते."

बाईंचं पेन वहीवरच थांबलं.

सातची बस एकच होती. दोन तासांवर एक फाटा लागायचा. तिथून एक रस्ता कारखान्याच्या गावाला जायचा, आणि संस्थेच्या गावाला जाणाऱ्यानं तिथं उतरून दुसरी बस धरायची. फाट्यापर्यंत मात्र दोघांचा रस्ता एक आणि बसही एक.

"काय झालं?" वडिलांनी विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "प्रवास सुखाचा होवो."

शनिवारी बाईंना कुठल्याच अलार्मची गरज पडली नाही. सातला त्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या आणि घड्याळाकडे बघत होत्या. सव्वासातला त्यांनी चहा टाकला, साडेसातला तो उतू गेला. नवरा म्हणाला, "कुणाची परीक्षा आहे का?" त्या म्हणाल्या, "हो." कुणाची ते त्यानं विचारलं नाही. इतक्या वर्षांत त्याला एवढं नक्की कळलं होतं की अशा वेळी दूध आणायला खाली जावं. रविवार तसाच गेला. सोमवारी फोन वाजला की बाई पहिल्याच घंटेला उचलायच्या, आणि तो दर वेळी दुसऱ्याच कुणाचा असायचा. कुणी दुखावलं तर नसेल ना? खोटं पकडलं गेलं म्हणून बसमध्येच भांडण झालं असेल तर? आणि दोघांनीही उद्या विचारलं, बाई, तुम्हाला माहीत होतं ना, तर?

मंगळवारी चार वाजता जिन्यावर पावलं वाजली. दोघांची होती.

बुटकी पुढं, वडील मागं. खुर्ची एकच होती. बाईंनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं.

"मॅडम, आज आम्ही जोडीनं आलो तर चालेल का?" वडिलांनी विचारलं. "म्हणजे मंगळवार-गुरुवार एकत्र."

"दोघांची ना नसेल तर चालेल."

मग दोघं एकदमच बोलायला लागली.

"मी बसमध्ये चढले, तर सगळी बस भरलेली. तिसऱ्या रांगेत एकच जागा रिकामी. शेजारी कुणीतरी तोंडासमोर पेपर धरून बसलेलं."

"वाचत नव्हतो. छपाई बघत होतो. निळा रंग सरकला होता."

"मला चेहरा दिसलाच नाही. अंगठा दिसला. बाबा छपाई बघताना कागदावरून असा अंगठा फिरवतो. आणि नखाच्या कडेला शाई. तो अंगठा मी कुठंही ओळखीन."

"मी पेपर खाली घेतला तर ही उभी. खांद्यावर ही एवढी पिशवी. मी म्हटलं, तुझी मैत्रीण बसमध्ये राहते का?"

"आणि मी म्हटलं, छापखान्याला चाकं कधी लावली?"

दोघंही पुन्हा बसमध्येच असल्यासारखी हसायला लागली. बाईही हसल्या. तीन दिवस खांद्यांत अडकून बसलेलं काहीतरी खाली उतरलं.

"मग?"

"मग पंधरा मिनिटं कुणीच बोललं नाही," बुटकी म्हणाली. "तिकीटवाला तीनदा विचारून गेला, कुठलं देऊ. आम्ही दोघंही गप्प. कारण गावाचं नाव घेतलं की संपलंच."

"शेवटी मीच सांगितलं," वडील म्हणाले. "म्हटलं, असं असं पत्र आलंय. पण मी जाणार नाहीये, फक्त बघून येतोय. तर ही रडायला लागली. मी म्हटलं, अगं नाही जात म्हटलं ना. तर आणखीच रडायला लागली."

"कारण मला वाटलं, हा माझ्यासाठी थांबतोय आणि मी ह्याच्यासाठी. आणि आम्ही दोघंही त्या घरात नुसते एकमेकांसाठी थांबून म्हातारे झालो असतो."

त्यांनी डबे उघडले तेव्हा दोन्ही डब्यांत सारखंच, पाव, उकडलेली दोन दोन अंडी आणि मिठाची पुडी. बांधलेल्या फडक्यांच्या गाठीही एकाच हाताच्या. तेव्हा कुठं दोघांच्या डोक्यात प्रकाश पडला की सातच्याच बसचा आग्रह दोघांनाही कुणी केला होता.

फाटा आला तेव्हा वडील तिच्याबरोबर उतरायला निघाले होते. तिनं उतरू दिलं नाही. मग ती संस्थेत गेली. पहिल्या संध्याकाळी न्हाणीघरात पाव तास रडली. बाहेर आल्यावर एका मोठ्या मुलीनं काही न विचारता स्वतःच्या चपला पुढं सरकवल्या, कारण फरशी ओली होती. दुसऱ्या दिवशी साचे बनवायच्या खोलीत तिचे केस प्लॅस्टरनं पांढरे झाले, ते अजून थोडे पांढरे होते. वडिलांना क्वार्टरमध्ये ताज्या रंगाच्या वासानं झोप लागली नाही. कारखान्यात पंचविशीतल्या ऑपरेटरनं त्यांना स्क्रीनवरची बटणं दाखवली, ती त्यांना एकही कळली नाहीत. पण मशीन चालू झालं तसे ते मान कलती करून ऐकत राहिले आणि म्हणाले, डावीकडचं बेअरिंग गेलंय. कुणाला पटेना. उघडून बघितलं, तर खरंच गेलेलं.

"मग त्या पोरानं माझ्यासाठी चहा मागवला," ते म्हणाले. हे सांगताना त्यांच्या हातात टाचणी नव्हती.

दोघांचं ठरलं होतं. बुटकी संस्थेत जाणार, वडील कारखान्यात. महिन्यातून एकदा फाट्यावर भेटायचं, तिथं बरी खाणावळ आहे. सगळं कसं छान जमून आलं होतं. बाई वही मिटणार, एवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "आत्या काय म्हणाल्या?"

"आत्या खूशच आहे," बुटकी म्हणाली. "तिनंच तर..."

ती थांबली. वडिलांनी तिच्याकडे बघितलं.

बाईंच्याही ते तेव्हाच लक्षात आलं. सहा आठवडे या घराबद्दल त्यांनी पानंच्या पानं लिहिली होती, आणि आत्यांचं नाव त्यात फक्त फोन नंबराच्या रकान्यात होतं. जी तेरा वर्षं दोन घरांच्या मधल्या चार पावलांत राहिली, तिचं काय होणार, हे त्या दोघांनीही विचारलं नव्हतं आणि बाईंनीही.

दुसऱ्या दिवशी बुधवारी, अकराच्या ठोक्याला, दारावर दोनदा टकटक झाली. साठीच्या, ताठ पाठीच्या एक बाई उभ्या होत्या.

"चष्म्याचा नंबर तपासायला आले आहे," आत्या म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग आत येऊन खुर्चीत बसल्या. "बसते. मला काही झालेलं नाही, हे आधी सांगून ठेवते. फक्त काल मी भाजीच्या दुकानात वीस मिनिटं उभी होते."

"का?"

"ते दोघं जायचेत अजून. पण म्हटलं, एकटीपुरतं घ्यायची सवय करावी. दुकानदार म्हणाला, काय देऊ. भावाला वांगं लागतं. पोरीला भोपळा बघवत नाही. मला काय आवडतं, ते आठवेना. मागं रांग लागली. शेवटी काड्यापेटी घेऊन परत आले."

बाईंनी पाण्याचा पेला पुढं केला. आत्यांनी तो घेतला, प्यायल्या नाहीत.

"एक विचारू का?" बाई म्हणाल्या. "दोघांना सातची बस तुम्हीच सांगितलीत. दोघंही निघून जातील, हे माहीत असून."

"दोघंही माझ्याकडे येऊन शपथ घालायचे. हिला सांगू नकोस, त्याला सांगू नकोस. मी एकतीस वर्षं लाईनी जोडल्या. दोन्ही टोकांना माणसं बोलायला थांबलीयेत आणि आपण मधे बसून लाईन जोडायची नाही, हे माझ्या हाताला जमतच नाही. शपथ मोडली नाही हं मी. कुणाचं कुणाला काही सांगितलं नाही. बसची वेळ सांगितली फक्त."

बाईंना त्या क्षणी या बाईचा चक्क हेवा वाटला. आपण जे पोटात घेऊन तीन दिवस तळमळलो, ते हिनं दोन डबे भरून मार्गी लावलं होतं.

"आता मला वाईट वाटतंय," आत्या अगदी तारीख सांगावी तशा म्हणाल्या. "वाटणारच होतं. पण किती वाटेल, ते माहीत नव्हतं."

त्यानंतर आत्यांनी पेला रिकामा केला आणि दहा मिनिटं रडल्या. बाईंनी त्यांना मधे अडवलं नाही. रडून झाल्यावर त्यांनी रुमालाची घडी पुन्हा पहिल्यासारखी घातली. बाईंनी त्यांच्या हातात दिला तो एक आठवडा. या आठवड्यात दुकानात फक्त स्वतःला हवं तेच घ्यायचं. काही सुचलं नाही तर अंदाजे काहीतरी उचलायचं आणि खाऊन बघायचं.

पुढच्या बुधवारी आत्या अहवाल घेऊन आल्या. वांगं त्यांना मुळीच आवडत नव्हतं. तेरा वर्षं उगाच खाल्लं. भोपळा मात्र झकास लागतो. मुळा ठीक. कांदा कच्चा खायला आवडतो, पण माणसांत बसायचं म्हणून कधी खाल्ला नव्हता. "आता कुणाला त्रास?" असं म्हणून त्यांनी खुर्ची हातभर मागं सरकवली. बाईंच्या नाकाला ते आधीच कळलं होतं.

छापखाना बंद झाला. भाऊ सोमवारी गेला, भाची त्याच आठवड्यात शुक्रवारी. दोघांच्याही बॅगा आत्यांनीच भरल्या. जाताना दोघं रडली, आत्या नाही. "माझी वेळ बुधवारी आहे," असं म्हणाल्या आणि खरोखरच बुधवारी येऊन रडल्या.

पण त्याच्या पुढच्या बुधवारी त्या आल्या, ते तणतणत. भर दुपारी घरातला फ्यूज उडाला होता. आजवर असलं काम भावाकडं असायचं. शेजारच्या गृहस्थांना सांगितलं तर ते म्हणाले, उद्या बघू. इलेक्ट्रिशियन म्हणाला, परवा.

"दोन दिवस मी एका वीतभर तारेसाठी पुरुषांची वाट बघत बसले. एकतीस वर्षं माझ्या बोटांखाली सबंध गावाच्या तारा होत्या."

"मग काय करावंसं वाटतं?"

"तेच सांगायला आले आहे. तंत्रशाळेत सकाळचा वायरिंगचा वर्ग आहे. सहा महिन्यांचा. काल नाव घालून आले. खिडकीतला माणूस म्हणाला, नातवाचं नाव काय? मी म्हटलं, माझंच लिही."

वर्गात एकवीस मुलं, सगळी विशीच्या आतली, आणि आत्या. शिकवणारे सर पहिल्या दिवशी त्यांना मावशी म्हणाले. "आत्या म्हणा," त्यांनी सांगितलं, "त्याची मला सवय आहे." आठवड्याभरात सगळा वर्ग आत्या म्हणायला लागला. पहिल्या महिन्यात त्यांना एकदा बारीकसा झटका बसला. त्याचं वर्णन त्यांनी बाईंना इतक्या आनंदानं ऐकवलं की बाईंना काळजी वाटावी की कौतुक, तेच कळेना. संध्याकाळी भाचीचा फोन आला की दोघी पक्कड, स्क्रू आणि रबरी हातमोजे यांवर तासभर बोलत. भावाचा आला की तो विचारायचा, "ताई, जेवलीस का?" आणि त्या म्हणायच्या, "थांब, हातात टेस्टर आहे."

मधे वाईट बुधवारही आले. भाचीच्या वाढदिवसाला ती घरी नव्हती, तेव्हा आत्यांनी सवयीनं तीन ताटं मांडली आणि मग दोन उचलून ठेवली. हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा घसरला. त्या दिवशी वायरिंगबद्दल एक शब्द निघाला नाही. बाईंनीही काढला नाही. जाताना आत्या म्हणाल्या, "बरं वाटलं असं नाही, पण सांगितलं."

परीक्षेत त्या दुसऱ्या आल्या. पहिला आलेला मुलगा त्यांच्याच बाकावरचा, आणि त्याला जोडणीचा आराखडा त्यांनीच समजावला होता, हे त्यांनी फक्त एकदा सांगितलं. मग बुधवार पंधरवड्यावर गेला, मग महिन्यावर. आणि एकदा आदल्या दिवशीच फोन आला.

"उद्या येत नाही. आमच्या मागच्या इमारतीत एका आजींच्या दाराची घंटा वाजत नाही. माणसं येऊन परत जातात आणि त्या आत बसून राहतात. ते काम आधी."

"बरं. मग पुढच्या बुधवारी?"

"पुढच्या बुधवारी भावाकडे निघाले आहे. त्यानं क्वार्टरचा फोटो पाठवला होता. मागं भिंतीवरचा बोर्ड दिसत होता. कुणी जोडलाय कोण जाणे, लाज आणलीय. बुटकीही येणार आहे, तिला चार दिवस सुट्टी आहे."

"त्यानंतर?"



"बाई, मला वाटतं, गरज पडली तर मीच फोन करीन. नंबर पाठ आहे. राग नाही ना?"

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी डायरीतल्या बुधवारच्या अकराच्या ओळीवर रेघ मारली. हात जरा रेंगाळला, ते त्यांचं त्यांनाच कळलं.

पुढच्या आठवड्यात, दोन भेटींच्या मधल्या पाच मिनिटांत, त्यांच्या मोबाईलवर बुटकीनं पाठवलेला एक फोटो आला. छोटी खोली, खिडकीतून येणारं दुपारचं ऊन. स्टुलावर आत्या, तोंडात दोन स्क्रू, हातात लाल वायर. वडील दोन्ही हातांनी स्टूल धरून उभे. खाली बुटकीनं लिहिलं होतं, "दोन तास झाले, पंखा बंद आहे, बाबा घामानं भिजलाय आणि आत्या कुणाला जागचं हलू देत नाहीये. आम्ही मजेत आहोत."

बाईंनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. वडील कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. आत्यांचं तिकडं लक्षच नव्हतं.